माह्या फेटियाचे आरसे

माही सून उज्ज्वला भाकर थापता थापता फोन पाहे. एक हात परातीत, एक फोनवर. भाकर जळे, तिची पोरगी हाका मारून थके, पण हिची मान काही वर होत नसे. असं वागणं मी आमच्या बंजाऱ्याच्या तांड्यात कोण्या बाईचं पाह्यलं नाही, अन् माह्या घरात तर चालवूनच घेत नाही.

पाहे काय? नवऱ्याचं स्टेटस. राजपाल, माहा पोरगा, दसऱ्याले उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायवर म्हणून गेला. होळीले ऊस तोडाले गेलेला सारा तांडा परत आला, हा आला नाही. तिकडंच एक बाई धरली. लपवायची बी लाज नाही, रोज तिच्यासंगं फोटो टाकते. तांड्यात मी सांगे, कारखान्यानं त्याले पक्कं काम देल्लं. उज्ज्वलाले सांगे, तो येईन, पोळ्याले येईन.

आखाडात एका सकाळी ती विहिरीच्या काठावर उभी दिसली, फोन हातात. झिंज्या धरून मागं ओढली. त्यानंतर तिनं खाणंच टाकलं. पोरीपायी मले ती जिती पायजे होती.

मी दुसरीपर्यंत शिकली, पण सुई कशी धरावी ते मले कोणी सांगू नये. मंग मी घरात कायदा केला. फोन ज्वारीच्या कोठीत. रोज पाच आरसे कापडावर टाचायचे, भवतालचा कशिदा भरायचा, मंगच फोन.

आरसे आणाचे कुठून? मंगरूळपीरच्या बाजारात आता प्लॅस्टिकचे भेटते, त्याईले मी हात लावत नाही. पेटीत माह्या लग्नाचं फेटिया होतं, आमच्या बायांचा घागरा. मेल्यावर ते माह्या अंगावर टाका, असं मी सांगून ठेवलं होतं. तेच काढलं अन् एकेक आरसा उसवून तिच्या हातात देल्ला.

"याडी, हे कायले फाडता?" मले ती याडीच म्हणते, म्हणजे माय.

"मेल्यावर मले कोण पाह्याले येते? टाच."

पह्यल्यांदा बोटातून रक्त काढलं बाईनं. टाके असे वाकडे, का पाहणाऱ्याले रडू यावं. पण पंधरा-वीस दिवसांत हात बसला. सकाळी उंबऱ्यापाशी बसली का दुपारच व्हायची. फोनची आठवण दिवस कलता यायची, ते बी घडीभर. अन् एक दिवस तिनं दीड भाकर खाल्ली. मी मोजली.

मी मोठ्या तोऱ्यात ते कापड शेजारच्या पंचफुलाले दाखवलं. ती हातात घेऊन उलटंपालटं करे.

"काय वं भुरे, आपण मोर कवापासून काढाले लागलो? आपल्यात तर चौकटी, जाळ्या, रेघा."

"तुही सून काही काढते? चार वर्षांत बटन तरी लावलं तिनं? मंग तोंड आवर."

पण मोर मले बी खटकलाच होता. हिरवागार, मान मोडल्यासारखी वाकडी. म्हटलं, जेवून राह्यली ना, पुरे झालं.

काल माही नात रुचिका, आठ वर्षांची, कोठीतून फोन काढून पळत आली. "आजी, पाह्य! मायचा मोर बाबाच्या फोटोत!"

पाह्यलं. मोटरसायकल, राजपाल दात काढून उभा, अन् बाजूले ती बाई पाठ करून. तिच्या ब्लाउजच्या पाठीवर मशीनचा मोर. तोच हिरवा, तीच वाकडी मान. तिच्या मोराच्या डोळ्यात एक टिकली होती. उज्ज्वलानं तिथं माह्या लग्नाचा आरसा बसवला होता.

म्हणजे रोज घडीभर फोन पाहे ते यासाठी. डोळ्यात भरून घे अन् सकाळी कापडावर उतरवे.

मी बाहेर आली. ती उंबऱ्यापाशी पिसारा भरून राह्यली होती. फोन तिच्यापुढं धरला.

"हे काहून, उज्ज्वला?"

तिनं सुई थांबवली नाही. "त्याईले असंच आवडते, याडी. पोळ्याले येतीन ना ते. तवा मी याचंच ब्लाउज घालीन."

पोळ्याचं तिले मीच सांगितलं होतं. दुसऱ्या कोणी नाही.

घरात जाऊन कैची आणली. तिच्या मांडीवर ठेवली अन् पंचफुला आयकून राह्यली तरी आवाज खाली केला नाही.

"राजपाल येत नाही, उज्ज्वला. पोळ्याले नाही अन् पुढंही कवा नाही. मी खोटं बोलली, तांड्याले बी अन् तुले बी, काहून का तो माह्या पोटचा हाय अन् मले लाज वाटे. आता त्याच्या नावानं या घरात कोणी भाकर थापणार नाही, मी बी नाही. तो मोर उसव. टाका टाका उसव, आरसे तेवढे जपून काढ. उद्या पाच पुन्हा टाचायचे. सुचलं नाही तर नुसत्या रेघा मार, पण कोणाचं पाहून नाही. अन् विहिरीकडं पाय वळला, तर पह्यले मी उडी घेईन, मंग बसजो पोरीले सांभाळत."