बिनकिल्लीचं घर

"किल्ली?" दलालाने हात पुढे करून विचारलं, आणि बाबा, आत्या आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

बाकी सगळं त्याला दाखवून झालं होतं. गोठा, गवताची कोठी, विहीर, लिंबांची बाग, पणजोबांनी स्वतःच्या हाताने रचलेली दगडी भिंत. जाहिरातीत त्याने 'ऐतिहासिक शेतघर' असं लिहिलं होतं. ऐतिहासिक म्हणजे छप्पर गळतं, हे बिचाऱ्याला सरळ लिहिता आलं नसावं. पण किल्ली आमच्याकडे नव्हती. हरवली होती असं नाही, ती कधी नव्हतीच. दाराला आतून जाडजूड लाकडी अडसर होता आणि बाहेरून काहीच नव्हतं.

पणजोबांच्या काळात एकदा सगळी मंडळी मिळून कुठल्याशा लग्नाला गेली आणि परत येऊन बघतात तर गोठ्याची राख. जनावरं आत बांधलेली होती. तेव्हापासून नियम झाला की घर रिकामं सोडायचं नाही, आत कोणीतरी असायला हवं. आमच्या घराण्यात दुसरं काही धड पाळलं गेलं नाही, हे मात्र पाळलं गेलं. आणि गेली कित्येक वर्षं हे 'कोणीतरी' म्हणजे माझी आत्या होती.

सुरुवातीला म्हणे पाळ्या ठरल्या होत्या. मग बाबांना बाजार गाठायचा असायचा, आजीला माहेरी जायचं असायचं, आईला दवाखाना असायचा. "तुझं काय, तुला कुठं जायचंय?" असं कोणीतरी कधीतरी आत्याला म्हणालं आणि पाळी तिच्यापाशीच अडकली. लग्न का केलं नाहीस असं विचारलं की ती हसायची. "अगं, लग्न करायचं तर आधी घराबाहेर पडावं लागतं."

माझ्याही लग्नाला ती नव्हती. फाटकापर्यंत आली आणि गाडीच्या खिडकीत तोंड घालून म्हणाली, "परत आलीस की आधी सगळं सांगायचं, मग चपला काढायच्या." आमच्या घरी तशीच रीत पडली होती. बाहेरून येऊन दार वाजवलं की आतून तिचं "आले, आले" ऐकू यायचं, अडसर सरकायचा, आणि कोण आलं होतं, कोण रुसलं, जेवणात काय बिघडलं, हे उंबऱ्यातच तिला सांगावं लागायचं. नंतर ते सगळं ती आमच्यापेक्षा रंगवून सांगायची. जगात जे जे घडलं ते तिला दारात उभं राहून कळलं.

आता शेती करायला माणूस उरलं नव्हतं. बाबांचे गुडघे गेले होते, मी शहरात नोकरीला. विकायचं ठरलं तेव्हा आत्या हूं की चूं बोलली नाही. फक्त दलाल म्हणाला, "नोंदणीच्या दिवशी किल्ली लागेल, घर रिकामं करून द्या," तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात निघून गेली.

नोंदणीच्या दिवशी कुलूपवाला सकाळीच आला. सामान आदल्या दिवशी ट्रकमधून शहरात, बाबा आणि आत्यासाठी घेतलेल्या माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये गेलं होतं. दाराला भोक पाडता पाडता त्याच्या नाकीनऊ आले. "लाकूड आहे का लोखंड?" तो कुरकुरला. आत्या रिकाम्या खोल्या झाडत होती. येणाऱ्यांना केर दिसायला नको, म्हणाली.

"चल, निघू या," बाबा म्हणाले.

"तुम्ही जाऊन या. मी आहे घरात."

"अगं, तुझी सही लागते. निम्मा हिस्सा तुझा आहे."

"मग कागद इथं घेऊन ये."

"आणि कचेरी काय डोक्यावर घेऊन येऊ?"

"मग दादा, तू थांब. मी जाऊन येते."

"माझीही सही लागते गं."

तिने माझ्याकडे बघितलं. "मग ही थांबेल."

"आत्या, मी आत थांबले तर ते ताबा कसा घेणार? त्यांना घर रिकामं हवंय."

ती मटकन खाली बसली, उघड्या फरशीवर. बाबांचा धीर सुटला. "कशाला राखत बसतेस? गाई गेल्या, गवत गेलं. जळायला आता उरलंय काय?"

बोलायला नको होतं ते बाबा बोलून गेले. मला भयंकर राग आला. बाबांचा नाही, दलालाचाही नाही. एका बाईचं अख्खं आयुष्य आतल्या बाजूला अडकवून ठेवणाऱ्या त्या अडसराचा आला. चुलीत घालावा असं वाटलं.

मग ती उठली. झाडू रोजच्या जागी, दारामागे, उभा केला आणि बाहेर आली.

कुलूपवाल्याने दार ओढून घेतलं आणि किल्ली बाबांना दिली. बाबांनी ती तिच्या हातात ठेवली. "तूच लाव."

तिला लावता येईना. घराला बाहेरून कुलूप तिने कधी लावलंच नव्हतं. "डावीकडे फिरवू की उजवीकडे?" तिने मला विचारलं. मी तिचा हात धरून फिरवला. आत काहीतरी खट्ट झालं.

बाबा गाडीकडे वळले. आत्या जागची हलेना.

"हे दार मी कधी वाजवलं नाही गं," ती म्हणाली. "वाजवून बघू?"

मी मानेनेच हो म्हटलं.

आम्ही वाजवायचो तसंच तिने वाजवलं, आधी मुठीने, मग तळहाताने. आणि कान देऊन उभी राहिली. आम्हीही उभे राहिलो. हत्यारं आवरणारा कुलूपवालासुद्धा थांबला. आतून "आले, आले" कोणी म्हटलं नाही. तिने पुन्हा वाजवलं, जरा जोरात.

मग ती वळली. चेहरा वाट चुकलेल्या पोरीसारखा झाला होता.

"दादा," ती म्हणाली, "आत कोणी नाहीये रे."

बाबा पायरीवर बसले आणि तोंडात रुमाल कोंबून रडायला लागले.