स्लॅबवरचं पाणी

मिस्त्रीने उभा जन्म लोकांचे स्लॅब ओतले. स्वतःच्या घरावरचा ओतला तो यंदाच. लेकीला सातवा महिना. बाळासाठी वर एक खोली हवीच, असा त्याने हट्ट धरला होता. सिमेंटला पाणी पाजायचं म्हणून त्याने स्लॅबवर बांध घालून वाफे केले आणि काठोकाठ भरले. इतर गवंडी आठवड्याभरात पाणी तोडतात, पण भेगेच्या धास्तीने हा पठ्ठ्या पाच आठवडे भरतच राहिला.

आणि आता त्याच स्लॅबखाली लेक थंडीने कुडकुडत होती. दोन रजया घातल्या तरी दातावर दात आपटत होते.

दवाखान्यातल्या सिस्टरने येऊन बोटातलं रक्त तपासलं. मलेरिया निघाला. पोटातल्या जिवालाही धोका आहे, तडक हलवा, असं तिने सांगितलं, तशी मिस्त्रीची बायको गाडी आणायला धावली. सिस्टर मात्र वाटी घेऊन जिना चढली. मिस्त्रीही मागोमाग गेला. सवयीने बोलून गेला, की केसाएवढी भेग सापडणार नाही.

सिस्टरने वाटीभर पाणी घेऊन त्याच्यासमोर धरलं. वर बारीक अळ्या आडव्या तरंगत होत्या.

"ह्या मलेरियाच्या डासांच्या अळ्या. पण डास रोग घेऊन जन्मत नाही, मिस्त्री. तो आधी आजारी माणसाला चावतो, मग त्याचा रोग दुसऱ्याला देतो. घरात कुणाला ताप येऊन गेला?"

गेल्या महिन्यात मिस्त्रीलाच मलेरियाचा ताप आला होता. ताप उतरताच त्याने उरलेल्या गोळ्या फळीवर टाकल्या होत्या आणि बायकोला सगळ्या संपवल्याची थाप मारली होती.

त्याने फावडं उचललं आणि बांध फोडायला सुरुवात केली. ओली पोती अंथरली तरी भागेल, असं सिस्टर सांगत होती, पण त्याचं लक्ष नव्हतं. पाणी भिंतीवरून धो धो खाली आलं.

गाडी दारात आली. आईच्या आधाराने चढताना लेकीने वर पाहिलं. "बाबा, पाणी का सोडलंत? बाळाच्या खोलीला भेग पडेल ना."

मिस्त्री खाली आला. बायकोच्या नजरेला नजर देववेना, तरी बोलला.

"हा ताप माझा आहे, पोरी. गोळ्या मी अर्ध्यावर सोडल्या होत्या."

बायकोने गाडीचं दार ओढून घेतलं. मिस्त्रीने सिस्टरपुढे आपलं बोट धरलं.