मडकं रिकामं जात नाही

ॲल्डन पीबडी व्हरमाँटच्या जंगलात एकटा, स्वतःच्या हातांच्या बळावर जगतो, हे त्याच्या वाचकांना तोंडपाठ होतं. टेकडीपलीकडे त्याची थोरली बहीण हेस्टर राहते आणि दर शनिवारी काकवी घालून शिजवलेल्या घेवड्याचं मडकं आणून देते, हे मात्र एकाही पुस्तकात नव्हतं. लिहिण्याच्या ओघात राहून गेलं, असं तो स्वतःला सांगे. बरीच वर्षं ओघ काही आटला नव्हता.

त्या शनिवारी बॉस्टनहून वाचकमंडळाच्या बायका आल्या होत्या. माणसाला खरं म्हणजे किती कमी लागतं, हे ॲल्डन त्यांना ओसरीवर समजावत होता. तेवढ्यात हेस्टर मडकं घेऊन पायऱ्या चढली.

"या कोण?" त्यांच्यातल्या मिसेस कटलरनी विचारलं.

"शेजारी," ॲल्डन म्हणाला.

हेस्टरने त्याच्याकडे नीट पाहिलं. "शेजारीच. घरी जागा नाही, म्हणून मडकं इथे ठेवते. यांना काय, काहीच लागत नाही."

"वास किती छान येतोय," मिसेस कटलर म्हणाल्या.

"जंगलाचा आहे," हेस्टर म्हणाली आणि गेली. बायकांनी डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला.

रात्री ॲल्डन मडकं पुढ्यात घेऊन जेवायला बसला. घेवडा नेहमीसारखाच उत्तम झाला होता, आणि तेच मनाला जास्त लागलं.

त्या खोऱ्यात कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. अंडी, सफरचंदं, काही नाही तर मूठभर कांद्याची पात तरी घालतात. ॲल्डनने मडकं नेहमी रिकामंच धाडलं होतं, वर तत्त्व म्हणून. दुसऱ्या दिवशी आत घालायला स्वतःचं काहीतरी शोधायला तो परसात गेला. घेवड्याचे वेल हरणांनी खाल्ले होते. त्या वेलांवरचं पुस्तकातलं प्रकरण त्याने पेरणीच्या आधीच लिहून टाकलं होतं. शेवटी कुंपणाबाहेरच्या काटेरी जाळीतून त्याने हात ओरबाडून घेत रानातल्या काळ्या बेरी तोडल्या.

तो टेकडीपलीकडे पोचला, तेव्हा हेस्टरने मडक्यात डोकावून पाहिलं. "शेजाऱ्यांनी पाठवल्या वाटतं."

"मिसेस कटलरना फोन केला मी. म्हटलं, ती माझी बहीण. घेवडा तिचाच, पहिल्यापासून."

हेस्टर बेरी निवडू लागली. निम्म्या किडक्या होत्या. "मग, काय म्हणाल्या?"

"त्यांनी विचारलं, घेवडा करतात कसा."

"सांगितलंस?"

"येतोय कुठे मला," ॲल्डन म्हणाला.

हेस्टरने न भिजवलेल्या घेवड्याची पिशवी त्याच्यापुढे सरकवली. "खडे काढ आधी."