वापरलेल्या तेलाचा कॅन

काकूंनी कॅन उचलला आणि तसाच खाली टेकवला. मागच्या वेळी जेमतेम अर्धा होता, आता हाताला पेलवेना. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून या घरात तळणीची कढई चढलीच नव्हती. तळलेलं म्हणजे विष, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वापरलेलं तेल काही कॅनमध्ये पिल्लं घालत नाही!

काकू दिवसभर शिलाईच्या कारखान्यात, घरी एकटे काका. जन्मभर मेसमध्ये आचारी म्हणून राबलेला माणूस. ऑपरेशनच्या आधी एकदा त्यांनी उरलेलं तेल बेसिनमध्ये ओतलं, पाईप तुंबला आणि खालच्यांच्या मोरीतून घाण पाणी वर आलं. तेव्हा काकूंनी त्यांना असं फैलावर घेतलं की पुन्हा नाव नाही. तेल गार करायचं, गाळायचं, कॅनमध्ये भरायचं आणि साबण बनवणाऱ्या बाईला द्यायचं, हा घरचा कायदा झाला. म्हाताऱ्यानं चोरी केली, पण कायदा पाळून केली.

काकूंनी कॅन त्यांच्या पुढ्यात आदळला. "अहो, हे काय आहे?"

काकांनी कॅनकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. टीव्हीनं काही मदत केली नाही.

"बटाट्याचे काप तळतो अधूनमधून. खात नाही गं, तुझी शपथ! तू गेलीस की घर खायला उठतं. हात शिवशिवतात. तळतो आणि खाली नव्या वॉचमनला नेऊन देतो."

"एकही तोंडात टाकत नाही?"

"मीठ बघायलासुद्धा नाही."

तरी काकूंचा जीव थाऱ्यावर येईना. त्यांनी ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. काल जिन्यात यांना धाप लागली होती, ती कशानं? ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून काढलेले ते तास त्यांना या जन्मात पुन्हा नको होते. शेवटी कचऱ्याची जवळजवळ रिकामी पिशवी घेऊन त्या खाली उतरल्या.

"काय रे, काका तुला काप देतात म्हणे?"

"देतात ना, काकू! रोज!" वॉचमन खुलला. "काय हात आहे त्यांचा!"

रोज? असू दे. पण माणूस खोटं बोलला नव्हता. काकूंना एवढं हायसं वाटलं की डोळेच भरून आले.

"आणि मनानं किती मोठे! माझ्याशेजारी, या स्टुलावर बसून खातात. म्हणतात, एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही."

काकूंच्या हातातली पिशवी गळाली. "ते खातात? इथं?"

"तुमच्यासमोर कसे खाणार?" वॉचमनचा आवाज एकदम हळू झाला. "काका बोलले मला. तुमच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय ना! जपा हं, काकू."

काकू मटकन त्या स्टुलावर बसल्या. छातीत खरोखरच धडधडत होतं.