शुक्रवारची ऐकणारी

कहाणी सांगायला तोंड लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऐकायला माणूस लागतो, हे मात्र व्रत धरलेल्या बाईलाच कळतं.

कौमुदीबाईंच्या सासूने त्यांना श्रावणातल्या शुक्रवारांचं व्रत दिलं, तेव्हा नियमही पदरात घातला होता. जिवतीला आघाड्याची माळ घालायची, लेकरांना ओवाळायचं, आणि आपल्या घरच्या दिव्यासमोर कहाणी सांगायची. ऐकणारीने मुठीत अक्षतांचे दाणे धरायचे आणि हुंकार द्यायचा. कहाणी ऐकली गेली की मगच दुधाचा पेला ओठाला लावायचा. ज्या श्रावणात एकही शुक्रवार कुणी मनापासून ऐकला नाही, त्या श्रावणाच्या शेवटी जिवतीचा कागद नदीला द्यायचा आणि व्रत देवाला परत करायचं. पुन्हा म्हणून धरायचं नाही.

ब्राह्मणपाऱ्यात, रायपूरच्या त्या जुन्या मोहल्ल्यात, होत्या तोवर याची कधी धास्ती वाटली नाही. जाऊबाई क्षमा शेजारच्याच खोलीत. दरवर्षी तीच कहाणी, आणि दरवर्षी त्याच जागी क्षमा गालावर हात ठेवून म्हणायची, "अगं बाई! मग वो?" जसं काही पहिल्यांदाच ऐकून राहिली. पुढे नवं राज्य झालं, रायपूरची राजधानी झाली, जुन्या हॉस्पिटलात मंत्रालय थाटलं गेलं. श्यामरावांना बढती मिळाली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला सरकारी क्वार्टर. मुलगा पियुष आणि सून नोकरीपायी कोरब्याला. नात निधी शाळेसाठी आजी-आजोबांपाशी. आणि माघात क्षमा देवाघरी गेली.

श्रावण आला. पहिल्या शुक्रवारी श्यामराव म्हणाले, "सांग, मी ऐकतो. त्यात काय एवढं?" मुठीत दाणे घेऊन भिंतीला टेकले, आणि कहाणीतली लेक उंबरा ओलांडायच्या आत घोरू लागले. दाणे सतरंजीवर सांडले.

पुढच्या खेपेला निधीला बसवलं. पोट्टी मान डोलवत होती, छान डोलवत होती. अर्ध्यावर कौमुदीबाईंना तिच्या केसांतून निघालेली वॉकमनची वायर दिसली.

"मैं सुन रही थी ना, आजी!"

"मग सांग, कहाणीतली लेक कुठं गेली?"

निधीने जरा विचार केला. "मार्केट?"

श्यामराव हसून हसून बेजार. "टेपात भरून ठेव वो. टेप झोपत नाही, अन् मार्केटलेही जात नाही."

"टेप हुंकार देते का?"

"देते ना. बटन दाबलं की, खट्ट!"

कौमुदीबाई हसल्या; पण त्या दिवशीही दूध तसंच विरजणाला गेलं, आणि त्या उपाशीपोटी झोपल्या. एकामागून एक शुक्रवार असे रिते गेले. आता शेवटचा उरला होता.

क्वार्टरच्या मागच्या भिंतीपलीकडे मिशनचं वसतिगृह होतं. जशपूर-बस्तरकडच्या मुली तिथे राहून शिकायच्या. त्या महिन्यात तिथे कोरियाहून शाळकरी मुलामुलींचा एक जथा आला होता, त्यांच्या चर्चच्या पार्क नावाच्या बाईंसोबत. सुट्टीत परदेशी जाऊन सेवा करायची आणि आपल्या येशूची गोष्ट सांगायची, असा त्यांचा नेम. वसतिगृहाच्या मुलींना गाणी शिकवायची, भिंती रंगवायच्या, अंगण झाडायचं.

कौमुदीबाईंना ती पोरं आधी कानांनी भेटली. पहाटे त्या न्हाऊन तुळशीपाशी येत, तेव्हा भिंतीपलीकडून गाणं यायचं. कोवळे, झोपाळलेले आवाज, एकमेकांचा हात धरून अंधारातून चालल्यासारखे. शब्द एकही कळत नसे. ओल्या हवेत ते गाणं भिंतीवरून अलीकडे उतरायचं, तुळशीच्या मंजिऱ्यांना लागायचं, आणि कौमुदीबाईंना वाटायचं, आपण अजून जाग्या झालोच नाही. हे सगळं पाण्याच्या तळाशी चाललं आहे. कोंबड्याच्या आधी उठून देवाचं नाव घेणारी माणसं कुठलीही असोत, त्यांना ती आपल्याच पाऱ्यातली वाटत.

शेजारच्या मीराभाभींना तसं वाटत नव्हतं. "भाभीजी, इतना ध्यान से मत सुनिए," त्या गच्चीवरून म्हणाल्या. "कल को गले में क्रॉस डालके मंदिर आओगी!"

"माझ्या गळ्यात मंगळसूत्रालेच जागा पुरत नाही," कौमुदीबाई हळूच म्हणाल्या.

श्यामरावांनाही काळजी होती. "आपण सरकारी मानसं. लोक काय म्हनतीन? दुरून नमस्कार बरा."

त्या दुरूनच होत्या. पण आघाडा भिंतीपलीकडे उगवत होता. भिंत कमरेएवढी, दर शुक्रवारी त्या हात लांबवून तुरे खुडून घेत. शेवटच्या शुक्रवारी उजाडताना परडी घेऊन गेल्या, तर पलीकडे काहीच नव्हतं. आदल्या दिवशी पोरांनी सगळं रान काढून टाकलं होतं, मुळापासून. भिंतीला चुना दिलेला. पहाटेच्या उजेडात ती भिंत अशी पांढरीशुभ्र दिसत होती की जणू तिच्यापुढे जगच संपलं. कौमुदीबाई परडी छातीशी धरून नुसत्या बघत राहिल्या.

पलीकडे एक मुलगी ब्रश धूत होती. सोळा-सतराची असेल, गोल चेहरा, कानांपर्यंत कापलेले केस. तिने या बाईंकडे पाहिलं, रिकाम्या परडीकडे पाहिलं, आणि तिला काहीतरी उमगलं. ती उभी राहिली.

तेवढ्यात तोंडात टूथब्रश घेऊन निधी आली. काय झालं ते पाहून तिने फेस थुंकला आणि शाळेतल्या इंग्रजीत त्या मुलीला सुनावलं, की तुम्ही कचरा म्हणून जे उपटलं ते माझ्या आजीच्या देवाचं झाड होतं, आणि आज तिचा शेवटचा उपवास आहे.

मुलीचा चेहरा उतरला. ती वाकली, खूप खाली वाकली, आणि पळत गेली.

"कशाले बोलली वो तिले?" कौमुदीबाई म्हणाल्या. "तिनं काय ठरवून केलं?"

पूजा थांबली. श्यामराव ऑफिसला गेले. निधीची शाळा शुक्रवारी दुपारीच सुटायची; ती आली तरी जिवतीच्या गळ्यात माळ नव्हती. कौमुदीबाई देवापुढे बसून कापसाची वस्त्रं उगाच पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या. मनात म्हणत होत्या, ऐकणारी तर नाहीच, आता आघाडाही नाही. जिवती आई, तुला परतच जायचं आहे का?

उन्हं कलता कलता दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. तीच मुलगी. दोन्ही हातांत मावेल एवढा आघाडा, कुठल्याशा तळ्याच्या काठावरून आणलेला. हातांवर ओरखडे. आघाड्याचं कुसळदार बी तिच्या बाह्यांना, केसांना, मोज्यांना चिकटलेलं. उन्हात ती स्वतःच एक झाड होऊन आल्यासारखी दिसत होती. नाव युना, निधीने विचारून सांगितलं.

माळ झाली. दिवा लागला. निधीला ओवाळून झालं. युना उंबऱ्याबाहेर बूट काढून उभीच. कौमुदीबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "निधी, तिले विचार, थोडी बसते का? एक गोष्ट ऐकायची हाय."

निधीने विचारलं. युनाने दिव्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात काही बोलली.

"वो बोल रही है, पूजा में नहीं बैठ सकती. जीसस के सिवा किसी की पूजा नहीं करती. आपको बुरा तो नहीं लगेगा?"

कौमुदीबाईंना आत कुठेतरी बरं वाटलं. नेम पाळणाऱ्या माणसाला नेम पाळणारं माणूस ओळखू येतं. "तिले सांग, पूजा माझी करून झाली. हात जोडू नको, कुंकूही लावत नाही. तिचा देव तिच्यापाशीच राहू दे. मले फक्त कान पायजेत." आणि अक्षतांची वाटी त्यांनी बाजूला सारली. युना आत येऊन सतरंजीच्या कडेला बसली, तशी तिच्या तळहातावर फुटाणे ठेवले, थोडे निधीच्याही.

अक्षता नाहीत, भाषा नाही, कुळधर्म नाही. हे ऐकणं जिवतीला रुजू होईल का? त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"एका नगरात एक आई होती. तिची एकुलती लेक सात नद्यांपलीकडे गेली. मागं ना सांगावा, ना चिठ्ठी. कोणत्या दिशेला गेली तेही आईला ठाऊक नाही. मग ती दर शुक्रवारी अंगणात उभी राहायची, अन् चारी दिशांना अक्षता टाकायची."

निधीने चार शब्दांत उरकलं. युनाने भुवया उंचावल्या: एवढंच? आजी तर केवढं बोलली! निधी ओशाळली. "आजी, फिर से बोलो. धीरे."

कौमुदीबाईंनी पुन्हा सांगितलं, एकेक नदी वेगळी करून. एक वाळूची, एक धुक्याची, एक अशी की जिचं पाणी उलटं वाहतं. निधी आता प्रत्येक नदी पलीकडे उतरवू लागली. एखादा शब्द अडला की हातांनी वाहून दाखवायची.

"शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, वेडे, तुझे तांदूळ पाखरं खातात. एक दिवस जिवती आई म्हातारीच्या रूपानं आली. म्हणाली, बाई गं, हे पोचतात का? आई म्हणाली, पोचवणं माझं काम नाही. टाकणं माझं काम."

हे निधीने इंग्रजीत सांगितलं, आणि युना हलायची थांबली. तिने ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. मग तिच्याही नकळत तिचा हात तोंडाकडे जाऊ लागला. एक फुटाणा, दुसरा, तिसरा. कौमुदीबाईंचं लक्ष त्या मुठीवर गेलं. दाणे शेवटपर्यंत मुठीत हवेत! पण कहाणीच्या मध्ये दुसरा शब्द काढायचा नसतो. त्या सांगत राहिल्या. युनाची मूठ रिकामी झाली, तशी निधीने तिच्याकडे न बघताच आपल्या मुठीतले निम्मे फुटाणे तिच्या हातावर ओतले. निधीचे डोळे आजीच्या ओठांवर होते.

"पलीकडे, जिथं तिची बोली कुणालाच कळत नव्हती अशा घरात, ती लेक अंगणात बसली होती. अन् तिच्या केसांवर काहीतरी पडलं."

युनाने केसांत हात घातला. आघाड्याचं एक बी निघालं. ती त्याच्याकडे बघत राहिली. बाहेर ऊन ढगाआड गेलं, खोली हिरवट झाली, दिव्याची ज्योत जिवतीच्या कागदावर पाण्यासारखी हलत होती. कौमुदीबाईंना आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला, पहाटेच्या त्या गाण्यासारखा, भिंतीपलीकडून. लेकीने तो दाणा दाराशी पेरला. शेत झालं. शेतावर पाखरं आली. एक पाखरू नद्यांवरून उडालं, धुकं पार केलं, वाळू पार केली...

त्या श्वास घ्यायला थांबल्या.

"हं? मग?" निधी म्हणाली. भाषांतर करायचं ती विसरली होती. "आजी, थांबली काहून? मग वो?"

युनाने तिचा दंड हलवला, मलाही सांग म्हणून. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

कौमुदीबाईंना ओळखू आला तो, क्षमाचाच हुंकार. त्यांनी पाखराला आईच्या अंगणात उतरवलं, त्याच्या चोचीतला परमुलखातला दाणा आईच्या ओंजळीत टाकला, आणि देवापुढे डोकं टेकलं. ते बराच वेळ टेकलेलंच राहिलं. जिवती कुठेही जाणार नव्हती.

उठल्या तेव्हा श्यामराव दारात उभे होते, हातात ऑफिसची पिशवी. परदेशी पोरगी पाहून कपाळाला आठी. पण बायकोचा चेहरा पाहून ती मोडली. "झालं का? ऐकलं कुणी? मग आता दूध पी वो, सकाळपासून उपाशी हायेस."

निधीने पेला आणून दिला. साखर विरघळलेलं, वेलदोड्याचं कोमट दूध. कौमुदीबाईंनी तो ओठांपर्यंत नेला, तेवढ्यात युना काहीतरी बोलली. अगदी खालच्या आवाजात, सतरंजीकडे बघत.

"वो पूछ रही है," निधी म्हणाली, "कि उसके पास भी एक स्टोरी है. उसकी खुद की, भगवान उसको कैसे मिला. यहाँ वही बताने आई थी. अब तक किसी को बता नहीं पाई, बहुत डर लगता है. आप सुनोगी क्या? हाथ में कुछ पकड़ना नहीं पड़ेगा."

श्यामराव घाईने म्हणाले, "आज नको. आधी जेवू द्या तिले. अन् खिडकी लावा, मीराभाभी गच्चीवरच हायेत."

कौमुदीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पोरीच्या ओरखडलेल्या हातांकडे. सांगणारीचं ऐकलं जात नाही तेव्हा पोटात काय होतं, हे या घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

त्यांनी पेला खाली ठेवला आणि त्यावर ताटली झाकली.

"खिडकी राहू द्या उघडी. तुमी बसता का उभेच राहता?"

श्यामराव पिशवी मांडीवर घेऊन कडेला बसले.

"निधी, तिले म्हण, माझा उपास अजून सुटला नाही. तिचं झालं की सुटंल. सावकाश सांग म्हणावं."

युनाने ओठ ओले केले. दोनदा सुरुवात करून थांबली. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून एक वाक्य निघालं, आणि निधीने ते अलीकडे आणलं.

कौमुदीबाई पुढे झुकल्या. "हं," त्या म्हणाल्या. "मग?"