शवपेटीवर ठेवायचा फोटो

"मेनांगताई, कॅमेऱ्याची बॅटरी माझ्यासाठी राखून ठेव हं! त्या सटव्यांवर उधळू नकोस!" सांतिना सकाळपासून तिसऱ्यांदा बजावून गेली.

मनिलातल्या पाको वस्तीच्या एका गल्लीत मेनांगचा फोटो स्टुडिओ बत्तीस वर्षांचा, आणि सांतिनाचं पार्लर अगदी समोर. इतक्या वर्षांत सांतिनाला गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. जन्मदाखल्यावर ती क्रिसांतो नावाचा पुरुष. पण मे महिन्यात पार्लरवाल्यांची राण्यांची मिरवणूक निघाली, की गाऊन, मुकुट आणि वीतभर टाचांचे बूट चढवून ती मनिलाच्या रस्त्यातून चालायची. एकोणीस वर्षं कधी ही राणी, कधी ती. यंदा कुठे राणी एलेना व्हायचा नंबर लागला. येशूचा क्रॉस शोधून काढणारी एलेना सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांत शेवटी चालते, आणि हा मान जन्मात एकदाच मिळतो.

पण बाईसाहेबांना फोटो मिरवायला नको होता. सोमवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"काही बरंवाईट झालं, तर माझे भाऊ शवपेटीवर कुठला फोटो ठेवतील, ठाऊक आहे? मिशीवाला! टाय घातलेला! लोक येऊन कुण्या अनोळखी कारकुनासाठी रडतील. ताई, मला माझ्याच चेहऱ्याने जायचंय गं."

मेनांगने कॅमेऱ्याचं भिंग पुसायला घेतलं. ती "बघू" एवढंच म्हणाली.

उन्हं उतरली तशी मिरवणूक निघाली. फुलांच्या कमानीखालून एकेक राणी यायची आणि कॅमेरा दिसला की तिथेच पाय रोवून उभी राहायची. शेबाची राणी तर हलायलाच तयार नाही. मागून ज्युडिथ राणी आली. तिच्या हातात शत्रूचं कापलेलं मुंडकं असावं लागतं. हिने पार्लरमधलं विग ठेवायचं डोकंच लाल रंगवून आणलं होतं.

"ताई, याचीही चांगली बाजू घे! लग्नाचं वय झालंय त्याचं!"

"तू आधी पुढे सरक, मग त्याचं जमवू," मेनांग म्हणाली. पण काढले तिने फोटो. नाही म्हणायचा स्वभाव असता तर धंदा केव्हाच वाढला असता.

शेवटी सांतिना आली तेव्हा बॅटरीचा जेमतेम एक ठिपका उरला होता. कमानीवरचे दिवे लागले होते. हातात क्रॉस, मान ताठ, नजर आभाळात, ओठ घट्ट मिटलेले. आठवडाभर आरशापुढे घोटलेला चेहरा तो. मेनांगने भिंगातून पाहिलं. तिने कॅमेरा खाली घेतला.

"काढ ना!" सांतिना ओठ न हलवता पुटपुटली.

"काय काढू, कपाळ? अगं, मेल्यावर दिसशील त्याहून आत्ताच जास्त मेलेली दिसतेयस!"

"माझं मुंडकं बरं दिसतंय तिच्यापेक्षा!" पुढून ज्युडिथ ओरडली.

सांतिनाने दात आवळून पाहिले, पण नाहीच जमलं. फिस्सकन हसली ती, मग पोट धरून, मग क्रॉसचा आधार घेऊन. मुकुट कानावर आला, एक खोटी पापणी सुटून गालावर चिकटली. मेनांगने बटण दाबलं.

"काढलास? मेले, पापणी गालावर होती माझी!"

"होती."

"मुकुट वाकडा!"

"होता. पण आहेस तू तशीच दिसलीस."

सांतिनाने गालावरची पापणी सोलून काढली. मग म्हणाली, "बरं. छापून ठेव आणि माझ्या भावांकडे दे."

"भावांकडे कशाला? माझ्या दुकानात ज्याचा फोटो, त्याच्याच हातात मिळतो. ऑपरेशन झालं की ये, चालत ये, आणि घेऊन जा."

"आणि नाही आले तर?"

"तर बस कारकून होऊन पेटीवर. मी एक प्रत द्यायची नाही कुणाला."

"निर्दयी आहेस, थेरडे."

"आहेच."

मागचा बँड थांबून वाट बघत होता. सांतिनाने काजळ पुसलं, मुकुट सरळ केला, चार पावलं गेली आणि वळली.

"ऑपरेशननंतर रविवारी घरी सोडणार म्हणे. दुकान रविवारी उघडं असतं का गं?" तिने अगदी हळू विचारलं.

"नसतं," मेनांग म्हणाली. "पण उघडेन."