चढले किती, उतरले किती

मी एक जुना फळा आहे आणि भिंतीवरून उडी मारून मी एका माणसाची गाडी वाचवली आहे. हसा, मित्रांनो, हसा! यावर तुमचा विश्वास बसणार नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमची शाळेची बस, तो बालरथ, आज उशिरा येणार, डिचोलीच्या कमलाक्षीबायच्या चहाच्या हॉटेलात तुम्ही आयते अडकला आहात, आणि मला आलाय राग. तेव्हा ऐकून घ्या.

माझं लाकूड मये गावच्या एका फणसाचं. त्या झाडाला एकदा एवढा मोठा फणस लागला की फेरीबोटीवरच्या माणसाने त्याला गाडी समजून तिकीट फाडलं! ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. तो माणूस आता हयात नाही, नाहीतर तुम्ही जाऊन विचारू शकला असता. पुढे सुताराने त्या झाडाच्या फळ्या जोडल्या, वर काळा रंग फासला आणि मी एका लहानशा खाणीच्या फाटकावर नोकरीला लागलो.

फाटकावरचे कारकून होते कृष्णनाथबाब. ते रोज सकाळी माझ्यावर दोन रकाने आखत. एकात ‘चालू’, दुसऱ्यात ‘उभे’. आज किती ट्रक चालू, किती उभे, एवढंच लिहीत. खाणीच्या ऑफिसात मात्र एकच आकडा चाले, आज किती टन माल निघाला. तो वाढला की पेढे.

एका वर्षी तो आकडा कधी नव्हे एवढा वाढला. त्याच वर्षी माझा ‘उभे’चा रकानाही वाढत गेला. वीस, मग तीस, मग पंचेचाळीस. खाणीत खड्डे सात होते. सहांतला चांगला दगड संपत आला होता आणि एकटा सातवा सगळ्यांचा भार वाहत होता. कृष्णनाथबाब ओरडून सांगत, “अरे, एका खड्ड्यार खाण चलता काय? फळो बघा!” ट्रकमालक म्हणत, “बाब, तुमी फळो बघा, आमी पेढे खातो.” सहा महिन्यांनी सातव्या खड्ड्यातही नुसती माती लागली. सगळे ट्रक ‘उभे’च्या रकान्यात आले. मला कुणी शाबासकी दिली? मला कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून टाकलं! चार वर्षं, मित्रांनो!

निवृत्त झाल्यावर कृष्णनाथबाब शेअर बाजाराचा अभ्यास करू लागले. त्यांना माझी आठवण झाली. मला धुऊन, रंगवून त्यांनी इथे टांगलं. आता बाजार बंद झाला की ते मोबाईल बघून माझ्यावर लिहितात, आज किती शेअर चढले, किती उतरले. खाली लिहितात, शंभरातले किती शेअर आपल्या दोनशे दिवसांच्या सरासरी भावाच्या वर आहेत. झालं. काम तेच, ट्रकांच्या जागी कंपन्या.

समोर तो टीव्ही बघा, लाल-हिरवा नाचणारा. तो दाखवतो निर्देशांक. पाच-सहा धिप्पाड कंपन्या वर गेल्या की निर्देशांक वर जातो, मग मागे हजारो लहानमोठ्या कंपन्या पडल्या तरी त्याला फिकीर नाही. सगळ्यांची मोजदाद माझ्याकडे असते. मी भविष्य सांगत नाही हं. कधी पडलेल्याही उठतात आणि मी तोंडघशी पडतो. पण भार किती जणांच्या खांद्यावर आहे, ते मी सांगतो.

आणि लोक काय वाचतात? पाव संपले की कमलाक्षीबाय माझा अर्धा भाग पुसून लिहिते, ‘उंडे संपले’. ते मात्र सगळे वाचतात! मोठ्याने वाचतात! वर तिलाच विचारतात, “उंडे संपले काय गो?”

त्यातलाच एक गुरुदास. खाणीवर त्याचा ट्रक होता, तो ‘उभे’च्या रकान्यात गेला तो गेलाच. आता त्याच्याकडे एक पिकअप आहे. तुये गावच्या कारखान्यांना खोकी पोचवतो, त्यावर घर चालतं. त्याची बायको वत्सला इथे कोपऱ्यात बसून भज्यांचे कांदे चिरते. तिच्याकडून मी काय अपेक्षा ठेवणार? तिचे डोळे सदा पाण्याने भरलेले.

गेल्या पावसाआधी निर्देशांक रोज नवी उंची गाठत होता. गुरुदास टीव्हीला डोळे चिकटवून बसे. माझ्यावर त्या दिवसांत काय होतं? चढले आठशे बारा, उतरले एकोणीसशे साठ. दुसऱ्या दिवशी चढले आणखी कमी. सरासरीच्या वर शंभरातले एकतीस. मी पांढऱ्या खडूत बोंबलत होतो!

“बाब, आता बघत रवचां नाय,” गुरुदास म्हणाला. “गाडी इकतंय आणि सगळे पैसे ह्या पाच मोठ्या कंपन्यांत घालतंय.”

“गुरुदास, आधी फळो बघ,” कृष्णनाथबाब म्हणाले.

“तुमचो फळो खाणीर पण रडत होतो!”

बघा! रडत होतो म्हणे! आणि रडणारा खरा ठरला, ते विसरला.

चार दिवसांनी पेडण्याहून धाकू नावाचा गिऱ्हाईक आला. त्याने रोकड टेबलावर ठेवली. गुरुदासने पिकअपची चावी पुढे केली. कृष्णनाथबाब डोक्याला हात लावून बसले. वाचणारं कुणी नव्हतं, मित्रांनो. मग मी काय करणार? मी खिळ्यावरून उडी मारली! धाडकन टेबलावर पडलो, चावी माझ्याखाली, चहाचे कप हवेत. धाकू जो पळाला तो पेडण्याला जाऊनच थांबला. गाडी वाचली. दीड महिन्याने त्या पाच कंपन्याही घसरल्या. म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यासारख्याला खुराड्यावर टाकू नका. मला रोज पुसा, रोज लिहा, आणि देवाशप्पथ, वाचा! कारण त्या दिवशी मी एकट्याने उडी मारून...

“खोटारड्या!” कोपऱ्यातून वत्सला ओरडली. सुरी अजून तिच्या हातात होती. “उडी मारलंस? तू? खिळ्यार तसोच लटकत होतंस! पोरांनो, ह्याचां कायएक आयकू नका. रोज कांदो चिरताना माझ्यासमोर कोण, टीव्ही? टीव्हीक माझी पाठ! धा दिस बघत होतंय मी, चढलेले कमी जातंत, उतरलेले वाढतंत. म्हटलां, ह्यां मी आधी खंय तरी बघलेलां आसा. धाकूसमोर उठलंय आणि घोवाक सांगलंय, ‘खाणीर असांच झालेलां. टन वाढत होते आणि तुमचो ट्रक उभो होतो. गाडी इकूची नाय.’ त्यान चावी माझ्या हातार ठेवल्यान. धाकू पळाक नाय हां, बसान दोन प्लेट भजी खाऊन गेलो! आता गप रव, साडेतीन वाजले, बाजार बंद झालो. कृष्णनाथबाब फोंड्याक गेलेत, आजचे आकडे माकाच लिहूचे आसत.”